बाटलीतले विष जिभेला कळत नाही



ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा आमच्या विहारातल्या रविवारच्या आरोग्य बैठकीला बाया घरातल्या अर्धवट बाटल्या घेऊन येऊ लागल्या. कोणी पदराखाली, कोणी नातवाच्या दप्तरात घालून. एका आजींनी तीन बाटल्या आणल्या, त्यातल्या दोनांची लेबले केव्हाच निघून गेली होती. "सिस्टर, वास घेऊन सांगा ना, चांगलं हाय का वाईट?" मी सवयीने एकीचे झाकण उघडून वास घेतलासुद्धा. मग झाकण लावले आणि खरे ते सांगितले, की मला कळत नाही. डॉक्टरला कळणार नाही, मेडिकलवाल्याला कळणार नाही. हे ओळखणारे नाक माणसाला नाही.

"मग कळतं कोणाला?" आजींनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख.

आधी काय घडले ते थोडक्यात. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, लहान मुलांना सर्दी-ताप आला. त्यांना खोकल्याचे सिरप दिले गेले. काही दिवसांत मुलांना उलट्या सुरू झाल्या आणि लघवी बंद पडली. छिंदवाड्याचा मोठा आजारी नागपूरला येतो हे इथे कोणाला सांगायला नको. ही मुलेही डायलिसिससाठी नागपूरला आणली गेली. वीसहून अधिक मुले दगावली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. सुरुवातीला संशय तापावर, पाण्यावर, उंदरांवर होता. मग तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. 'कोल्ड्रिफ' नावाच्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले होते, ४८.६ टक्के. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी होती, त्याच आठवड्यातली ही गोष्ट आहे. पाठोपाठ महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचबद्दल इशारा काढला.

आता या पदार्थाबद्दल. नाव लांब आहे, म्हणून मी पुढे त्याला डीईजी म्हणते. तो पाण्यासारखा स्वच्छ, थोडा दाटसर आणि चवीला गोडसर असतो. कारखान्यात तो ब्रेकच्या तेलात, गोठणरोधक द्रवात आणि रेझिन बनवायला लागतो. औषधाशी त्याचे काही नाते नाही. पण सिरप पातळ आणि एकजीव ठेवायला जे दोन द्रव वापरतात, ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, ते दिसायला, हाताला आणि चवीला अगदी असेच असतात. औषधी दर्जाचे ग्लिसरीन महाग आणि डीईजी स्वस्त. ड्रमवर चिठ्ठी कोणती लावायची हे लावणाऱ्याच्या हातात. कोल्ड्रिफच्या कारखान्याच्या तपासणीत औषधी दर्जाचे नसलेले प्रोपिलीन ग्लायकॉल वापरल्याचे आढळले. विहारात आपण कालाम सुत्त ऐकतो. लेबल हेसुद्धा कोणीतरी लिहिलेलेच असते, एवढे त्याला जोडून लक्षात ठेवावे.

मग ओळखायचे कसे? डोळा, नाक, जीभ फसते, पण वजन फसत नाही. इथे माझी विनंती आहे की घरात नववी-दहावीतली मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याला जवळ बसवा. शाळेत रेणुवस्तुमान शिकवतात, ते काय कामाचे म्हणून मुले कंटाळतात. ते या कामाचे आहे.

कार्बनच्या अणूचे वजन १२ धरतात, हायड्रोजनचे १, ऑक्सिजनचे १६. ग्लिसरीनच्या एका रेणूत तीन कार्बन, आठ हायड्रोजन, तीन ऑक्सिजन असतात. बेरीज ९२. प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये एक ऑक्सिजन कमी, म्हणजे ७६. डीईजीमध्ये चार कार्बन, दहा हायड्रोजन, तीन ऑक्सिजन, बेरीज १०६. त्याचा आणखी एक विषारी भाऊ आहे, एथिलीन ग्लायकॉल, तो ६२. चौघांचे चेहरे एकसारखे, पण वजने चार वेगळी.

हे वजन करणारे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. ते एकटे काम करत नाही. त्याच्या आधी गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे दुसरे यंत्र जोडलेले असते, कारण सिरपमध्ये एक पदार्थ नसतो. साखर, रंग, वास, औषध, पातळ करणारे द्रव, सगळे एकत्र असते. आधी त्यांना वेगळे करावे लागते.

सिरपचा थेंब पातळ करून बारीक सुईने यंत्रात सोडतात. साधारण एक मायक्रोलिटर, म्हणजे पाच मिलीच्या चमच्याचा पाच हजारावा भाग. आत इतकी उष्णता असते की त्यातले उडणारे पदार्थ लगेच वाफ होतात. ती वाफ हेलियम वायूच्या झोतावर एका नळीत जाते. नळी आतून पाव मिलिमीटर रुंद आणि सुमारे तीस मीटर लांब, वेटोळे करून भट्टीत ठेवलेली. नळीच्या आतल्या भिंतीला पातळ लेप असतो. काही रेणू त्या लेपाला चिकटत चिकटत जातात, काही सरळ निघून जातात. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर काय होते आठवा. आपण एकाच गाडीतून उतरतो, पण जो प्रत्येक पुस्तकाच्या स्टॉलवर थांबतो तो शेवटी पोहोचतो. इथेही तसेच. प्रोपिलीन ग्लायकॉल लवकर बाहेर येते, डीईजी त्याच्या मागून आणि ग्लिसरीन सगळ्यांच्या शेवटी. कोण कितव्या मिनिटाला बाहेर आला ही पहिली खूण झाली.

पण नुसत्या वेळेवर ओळख पक्की होत नाही. त्याच मिनिटाला दुसराही कोणी येऊ शकतो. म्हणून बाहेर पडणारा प्रत्येक पदार्थ मास स्पेक्ट्रोमीटरच्या पोटात जातो. तिथली हवा पंपाने काढून टाकलेली असते, म्हणजे वाटेत कोणाची टक्कर नको. एका तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्या रेणूंवर आदळतात. रेणूवर विद्युतभार येतो आणि तो फुटतो.

फुटणे हाच या यंत्राचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबते. मडके हातातून पडले तर त्याची खापरे होतात. पण कशीही होत नाहीत. कुंभाराच्या घरातल्या माणसाला काठाचे खापर, बुडाचे खापर, पोटाचे खापर दाखवा, तो सांगेल की हा माठ होता की रांजण होता. रेणूसुद्धा आपल्या कच्च्या सांध्यावर फुटतो, आणि दर वेळी तिथेच फुटतो. त्या तुकड्यांना चार धातूच्या सळयांच्या मधून पळवतात. सळयांवरची वीज अशी बदलत जाते की एका वेळी एकाच वजनाच्या तुकड्याला पलीकडे जाता येते, बाकीचे सळयांवर आदळून संपतात. पलीकडे मोजणी होते. ३१ वजनाचे किती आले, ४५ चे किती, ६१ चे किती. हे सारे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत, आणि पुन्हा पुन्हा. कागदावर उमटतात उभ्या रेघा. कुठे उंच, कुठे बुटकी.

आता मुलीला वही घ्यायला सांगा. आपल्या चारही द्रवांच्या रेणूला टोकाला एक तुकडा असतो. एक कार्बन, त्याला दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन आणि त्याला आणखी एक हायड्रोजन. वजन ३१. तो कच्चा सांधा आहे, मार बसला की तुटतो. ग्लिसरीन ९२ वजा ३१, उरले ६१. प्रोपिलीन ग्लायकॉल ७६ वजा ३१, उरले ४५. एथिलीन ग्लायकॉल ६२ वजा ३१, उरले ३१. डीईजी १०६ वजा ३१, उरले ७५. आणि खरोखरच यंत्राच्या कागदावर ग्लिसरीनची सगळ्यांत उंच रेघ ६१ वर असते, प्रोपिलीन ग्लायकॉलची ४५ वर, एथिलीन ग्लायकॉलची ३१ वर. वहीवरचे गणित आणि लाखो रुपयांचे यंत्र एकच बोलतात. मला हे पहिल्यांदा समजले तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

पण डीईजी इथेही लबाडी करते. ७५ ची रेघ येते खरी, मात्र तिची सगळ्यांत उंच रेघ येते ४५ वर. कारण तिचा रेणू मधल्या ऑक्सिजनपाशीही फुटतो. म्हणजे चांगल्या प्रोपिलीन ग्लायकॉलचीही उंच रेघ ४५ आणि विषाचीही ४५. घाईत नुसते ४५ पाहून "ठीक आहे" म्हणणारा फसला. अख्ख्या रेणूची १०६ ची रेघ जेमतेम दिसते, कारण अख्खे मडके क्वचितच उरते. म्हणून तीन साक्षी घ्याव्या लागतात. नळीतून किती मिनिटांनी आला, ४५ सोबत ७५ आहे का, आणि शुद्ध डीईजीचा नमुना त्याच यंत्रातून सोडला तर त्याचे वागणे तंतोतंत असेच आहे का. तिन्ही जुळले की ओळख पटली. जर पदार्थ अगदीच अनोळखी असेल, तर यंत्राच्या संगणकात तीन लाखांहून अधिक पदार्थांच्या रेघांचा संग्रह असतो, त्याच्याशी ताडून पाहतात. पोलिसांकडे बोटांचे ठसे असतात तसे.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर कोणी म्हणेल की एवढे महागडे यंत्र नव्हते म्हणून मुले गेली. तसे नाही. डीईजी आहे का एवढेच पाहायचे असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफ पुरतो. त्याहून स्वस्त, काचेच्या पट्टीवर थेंब चढवून करायची तपासणीही आहे. मास स्पेक्ट्रोमीटर लागतो तो शंका मुळापासून मिटवायला, आणि काय शोधायचे हेच माहीत नसते तेव्हा. चाचणी हातात होती. करायची कोणी हा प्रश्न होता.

आकड्याकडे परत येऊ. डीईजीची कमाल मर्यादा आहे ०.१ टक्का. निघाले ४८.६. म्हणजे ४८६ पट. मर्यादेत राहिले असते तर पाच मिलीच्या एका चमच्यात जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम गेले असते. इथे एका चमच्यात जवळपास अडीच ग्रॅम गेले. हे मी मुद्दाम मांडते आहे. आपल्याच वस्तीत, शिकलेल्या माणसांच्या तोंडून मी ऐकले, "आईनेच जास्त पाजलं असेल." नाही. त्या आयांनी झाकणात मोजून, वेळ पाहून, बरोबर मात्रेत पाजले. बरोबर मात्राच विष होती. कोणी म्हणाले देवीचा कोप, कोणी म्हणाले मुलाला नजर लागली. प्रयोगशाळेच्या कागदावरचा आकडा त्या आईच्या माथ्यावरचा दोष उचलून जिथे ठेवायचा तिथे ठेवतो. त्या कागदाचे मोल मला यासाठीही वाटते.

शरीरात काय होते? यकृत डीईजीचे तुकडे करते, त्यातून डायग्लायकोलिक आम्ल तयार होते. ते मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांच्या पेशी मारते. आधी उलट्या, पोटदुखी, सुस्ती. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत बंद. पुढे नसांवर परिणाम. डीईजी स्वतः रक्तातून लवकर निघून जाते. उशिरा आणलेल्या मुलाच्या रक्तात ते सापडलेच नाही असे होऊ शकते. आम्ल मात्र मागे राहते. २००६ साली पनामा देशात खोकल्याच्या सिरपने लोक दगावले, तेव्हाच्या रुग्णांच्या नमुन्यांत ते मोजले गेले. तिथे सिरपमध्ये ग्लिसरीन म्हणून घातलेला द्रव ग्लिसरीन नव्हताच.

पनामाच का? अमेरिकेत १९३७ साली एका औषधात डीईजी हे द्रावक म्हणून घातले आणि शंभरावर माणसे मेली. आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधल्या डीईजीने १४ रुग्ण दगावले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. १९९८ साली गुडगावमध्ये ३६ मुले आजारी पडली, ३३ गेली. २०२० च्या सुमारास जम्मूच्या रामनगरमध्ये किमान बारा. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबियामध्ये सुमारे सत्तर मुले, आणि ती सिरपे आपल्या हरियाणात बनलेली होती. त्यानंतर १ जून २०२३ पासून नियम झाला की परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपची आधी मान्य प्रयोगशाळेत तपासणी होऊन दाखला मिळाला पाहिजे. परदेशी जाणाऱ्या. परासियाच्या दुकानात जाणाऱ्या बाटलीला तो नियम नव्हता. यावर मी जास्त लिहीत नाही, लिहायला बसले तर पान पुरणार नाही.

आता माझ्या वॉर्डातली एक जुनी आठवण. नर्सिंगचा डिप्लोमा होऊन फार दिवस झाले नव्हते. एक लहान मूल लघवी बंद होऊन आले. चौथ्या दिवशी गेले. डॉक्टरांनी विचारले, कोणते औषध दिले होते? आजी म्हणाली, लाल सिरप होते. बाटली कुठे आहे? आजीने बाटली धुऊन, वाळवून, त्यात खोबरेल तेल भरले होते. आपल्या घरात बाटली फेकत नाहीत, मी पण माझ्या आईच्या घरी तेच पाहिले आहे. औषधाचा त्यात काही हात होता की नव्हता, कोणालाच कळले नाही. कागदावर कारण लिहिले गेले "अज्ञात". यंत्राला पाच हजारावा भाग पुरतो, आणि तेवढाही उरला नव्हता.

तेव्हापासून मी बायांना सांगते, मूल औषध घेत असेपर्यंत आणि बरे झाल्यावरही पंधरा दिवस बाटली धुवायची नाही. औषध दुसऱ्या बाटलीत ओतायचे नाही, कारण मग लेबल आणि औषध यांचा संबंध तुटतो. लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, बॅच नंबर आणि बनवणाऱ्याचे नाव दिसेल असा. मेडिकलमधून बिल मागा. दोन रुपयांची वस्तू घेताना आपण भाव करतो आणि औषधाचे बिल मागायला लाजतो.

मूळ प्रश्न हाही आहे की सिरप हवेच कशाला? छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितले, दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. कोल्ड्रिफमध्ये जी औषधे होती, त्यातल्या क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या जोडीबद्दल चार वर्षांखाली वापरू नये अशी सूचना डिसेंबर २०२३ मध्येच निघाली होती. साधी सर्दी आपोआप उतरते. कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावरचे दूध चालू ठेवणे. एक वर्षावरच्या मुलाला मध चाटवा, त्याआधी मुळीच नको. श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, मूल दूध घेत नसेल, तर घरी थांबू नका. आणि औषध चालू असताना उलट्या सुरू झाल्या किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर औषध तिथेच थांबवा, मूल आणि बाटली दोन्ही घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. लंगोट शेवटी कधी ओला झाला हे डॉक्टरांनी न विचारता सांगा.

बाटलीबद्दल शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. आणखी एक दार आहे, ते फार थोड्यांना माहीत असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, त्याचे कलम २६. औषध विकत घेणारी कोणीही व्यक्ती ठरलेली फी भरून ते औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते, आणि त्याच्या सहीचा अहवाल मागू शकते. डॉक्टर, वकील, पुढारी कोणी मध्ये लागत नाही. अर्जाचा नमुना १४-अ. प्रशासनाच्या प्रयोगशाळा मुंबईत, छत्रपती संभाजीनगरला आणि इथे आपल्या नागपुरात आहेत. उघडलेल्या बाटलीबद्दल पुढे वाद घालता येतो की घरीच काही मिसळले असेल, म्हणून त्याच बॅचची एक सीलबंद बाटली बिलासह मिळाली तर ती द्यावी, आणि उघडलेली जपून ठेवावी.

त्या आजींच्या तीन बाटल्यांपैकी ज्या एकीवर लेबल होते, ती त्या बॅचची नव्हती, त्या कंपनीचीही नव्हती. तरी मुदत संपून वर्ष झाले होते. बिनलेबलच्या दोन मी ठेवून घेतल्या. अर्ज १४-अ च्या झेरॉक्स प्रती विहाराच्या पुस्तकांच्या कपाटात, खालच्या खणात ठेवल्या आहेत. किल्ली महिला मंडळाच्या ताईंकडे असते. रविवारी चारनंतर या, भरायला आम्ही मदत करू.